प्रकरण सातवं : टेस्टिंग

नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, सिव्हिलला गेलेल्या मुलाची काँक्रीटच्या क्यूबशी गाठ पडल्याशिवाय राहत नसे. १५० मिलिमीटरचा साचा, त्यात ठासून भरलेलं काँक्रीट, मग पाण्याच्या टाकीत मुक्काम आणि ७व्या किंवा २८व्या दिवशी तो ठोकळा थेट कॉम्प्रेशन मशीनखाली. ठोकळा फुटेपर्यंत दाब वाढवत न्यायचा आणि कितीवर फुटला तो आकडा वहीत लिहायचा. १९६० साली सुरू झालेलं हे कॉलेज २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं. शहरात एखाद्या पुलाच्या किंवा सिमेंट रस्त्याच्या दर्जावरून वाद निघाला की आजही त्याच्या अहवालाकडे लोकांचे डोळे लागतात. वस्तू तोडून पाहणं हा या शिक्षणाचा रीतसर भाग आहे. त्याला वेगळी प्रयोगशाळा आहे, वेगळी यंत्रं आहेत, वेळापत्रकात वेगळे तास आहेत.

कॉम्प्युटरच्या शाखा आल्या तेव्हा त्यांना तोडफोडीची अशी जागा मिळाली नाही. प्रोग्राम लिहायची लॅब मिळाली. लिहिलेला प्रोग्राम कितीवर फुटतो हे पाहायला मात्र ना तास होते ना गुण. नागपुरात ही उणीव भरायला सुरुवात व्हायलाच अडीच-तीन दशकं गेली, आणि ती झाली प्रोजेक्टच्या वाटेने.

वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. पुढच्याच वर्षी वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण आणि काटोल रोडचं रामदेवबाबा ही कॉलेजं उभी राहिली, १९८५ मध्ये रामटेकचं कविकुलगुरू. कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. नागपूर विद्यापीठात ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’ आणि ‘कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी’ अशा दोन शाखा शेजारी शेजारी नांदू लागल्या. दोघींतला फरक काय, हे पालकांना समजावून सांगताना भल्याभल्यांची दमछाक होई. दोन्हीकडे शेवटच्या वर्षाचा शेवट मात्र एकच होता. तीन-चार जणांचा गट, एक गाइड, एक प्रोजेक्ट आणि त्याचा जाडजूड अहवाल.

त्या अहवालाचा साचा १९९०च्या दशकात शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावा. काळं किंवा गडद निळं हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत प्रमाणपत्र, आभार, मग प्रस्तावना, सध्याची पद्धत आणि तिच्या त्रुटी, प्रस्तावित पद्धत, फीजिबिलिटी स्टडी, डेटा फ्लो डायग्राम, टेबलं, स्क्रीनचे प्रिंटआउट. आणि मग, भविष्यातल्या सुधारणांच्या आधी, सहावं किंवा सातवं प्रकरण : टेस्टिंग. दोन-तीन पानांचं. युनिट टेस्टिंग म्हणजे काय, इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणजे काय, सिस्टिम टेस्टिंग म्हणजे काय, यांच्या पुस्तकी व्याख्या. प्रोजेक्ट लायब्ररीचा असो, हॉस्पिटलचा असो की पगारपत्रकाचा, ही पानं तीच. वरच्या वर्गाकडून आलेल्या फ्लॉपीवरून ती जशीच्या तशी उतरायची. त्या प्रोजेक्टमध्ये नेमका कोणता दोष सापडला, कुणाला सापडला, कधी दुरुस्त झाला, याची एक ओळही त्यात नसे.

यात मुलांचा आळस कमी आणि व्यवस्थेचा वाटा मोठा होता. गुण होते ते ‘चालतंय’ याला. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, येणार, गट आपल्या ठरलेल्या वाटेने तीन स्क्रीन दाखवणार, रिपोर्टचा एक प्रिंट काढणार आणि व्हायव्हा संपणार. दोष सापडला तर तो गटाच्या विरोधात जाणार. मग दोष शोधून तो स्वतःच्या हाताने अहवालात कोण लिहील? क्यूब फुटला म्हणून सिव्हिलच्या विद्यार्थ्याचे गुण कापायचे ठरवलं असतं, तर तिथेही कुणी मशीनचा दाब पुरता वाढवला नसता.

हे दुखणं एकट्या नागपूरचं नव्हतं. १९७९ साली ग्लेनफोर्ड मायर्स यांचं ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ आलं. त्याच्या सुरुवातीलाच एक साधा प्रश्न आहे. तीन पूर्णांक घेऊन त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा एक प्रोग्राम आहे, तो तपासायला कोणकोणते आकडे द्याल? शून्य, ऋण संख्या, दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच भरणं, तीनऐवजी दोनच आकडे देणं, अशा १४ कसोट्यांवर मायर्स उत्तर तोलतात. अनुभवी, पगारी प्रोग्रामरही सरासरी ७.८ गुणांवरच अडकतात असं त्यांनी नोंदवलं आहे. त्यांचा दुसरा मुद्दा आणखी मोलाचा आहे. जी तपासणी दोष पकडते ती यशस्वी, आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतः तपासणं माणसाच्या मनाला जड जातं. हे पुस्तक वाचून पाठ होतं, पण अंगी बाणत नाही. दुसऱ्याचा प्रोग्राम हातात यावा लागतो.

टोरंटो विद्यापीठात जिम हॉर्निंग आणि डेव्हिड वर्टमन यांनी हे आधीच ओळखलं होतं. १९७७ साली त्यांनी आपल्या ‘सॉफ्टवेअर हट’ या वर्गाची हकीकत छापली. त्यात प्रोजेक्ट हा एक खेळ होता. एका गटाने लिहिलेला भाग दुसऱ्या गटाने विकत घ्यायचा आणि त्यावर पुढचं काम रचायचं. माल खराब निघाला की त्रास घेणाऱ्याला आणि नाव खराब विकणाऱ्याचं. तपासल्याशिवाय घ्यायचं नाही हे मग शिक्षकाला सांगावंच लागत नाही. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने हेच नाव घेऊन खऱ्या ग्राहकांसाठी काम करणारे विद्यार्थी-गट चालवले. अमेरिकेत फ्लोरिडा टेकमध्ये केम केनर विद्यार्थ्यांना ओपनऑफिससारख्या चालू, मोठ्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधायला आणि नीट लिहून मांडायला लावत. व्हर्जिनिया टेकच्या स्टीफन एडवर्ड्स यांनी ‘वेब-कॅट’ ही प्रणाली उभारली. तीत प्रोग्रामसोबत त्याच्या चाचण्याही द्याव्या लागतात आणि गुण चाचण्यांनाही असतात. या सगळ्यांनी एकच केलं. दोष सापडणं हे कमाईचं काम ठरवलं.

महाराष्ट्रात हा विचार आला तो विद्यापीठांच्या बड्या सभागृहांतून नव्हे, तर पॉलिटेक्निकच्या वर्गांतून. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून ती इथे जरा सविस्तर.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एमएसबीटीई, डिप्लोमाचा अभ्यासक्रम ठरवतं. त्याचं एक विभागीय कार्यालय नागपुरात आहे, आणि विदर्भातल्या बहुतेक पॉलिटेक्निकांत शिकणारी मुलं त्याच अभ्यासक्रमातून जातात. नागपूरचं शासकीय तंत्रनिकेतन १९१४ पासूनचं आणि स्वायत्त असल्यामुळे त्याचा अभ्यासक्रम त्याचा स्वतःचा. मंडळाच्या ‘जी स्कीम’ या जुन्या अभ्यासक्रमात ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हा स्वतंत्र विषय होता, कोड १७६२४. पण तो होता सहाव्या, म्हणजे शेवटच्या सत्रात. याचा अर्थ असा की बाउंडरी व्हॅल्यू म्हणजे काय हे मुलं ज्या सत्रात शिकत होती, त्याच सत्रात त्यांचा प्रोजेक्ट संपत आलेला असे. औषध आणि आजार दोन्ही शेवटच्या तीन महिन्यांत.

२०१७-१८ पासून ‘आय स्कीम’ लागू झाली आणि टेस्टिंग पाचव्या सत्रात आलं, कोड २२५१८. बदल फक्त एका सत्राचा, पण परिणाम मोठा. कारण त्याच पाचव्या सत्रात ‘कॅपस्टोन प्रोजेक्ट प्लॅनिंग’ ठेवलं होतं आणि प्रत्यक्ष प्रोजेक्ट सहाव्यात. चौथ्या सत्रात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, पाचव्यात टेस्टिंग आणि प्रोजेक्टचा आराखडा, सहाव्यात बांधणी. आराखडा करतानाच तपासणीचा विचार करता येईल अशी ही पहिली मांडणी. भरीला प्रत्येक विषयाला मायक्रो-प्रोजेक्ट आला. ३० अंतर्गत गुणांतले १० त्याचे. म्हणजे टेस्टिंगचाही स्वतःचा छोटा प्रोजेक्ट झाला. त्यात नवं सॉफ्टवेअर बनवायचं नाही, असलेलं तपासायचं. अभ्यासक्रम बनवणाऱ्यांचं या एका निर्णयासाठी मनापासून कौतुक करायला हवं.

योग्य वेळी योग्य अवजारंही हाताशी आली होती. २००० च्या आसपास टेस्टिंगची यंत्रं म्हणजे विनरनरसारखी महागडी परवान्याची सॉफ्टवेअरं. साध्या कॉलेजला ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी जेयुनिट लिहिलं आणि २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्समध्ये काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी सेलेनियम सुरू केलं. दोन्ही फुकट. इंटरनेट आणि बऱ्यापैकी संगणक असला की विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावातलं पॉलिटेक्निक जगातल्या कंपन्या वापरतात तेच अवजार वापरू शकलं. पुस्तकंही जवळची आली. एम. जी. लिमये यांचं २००९ चं पुस्तक, देसिकन आणि रमेश या जोडीचं पुस्तक ही भारतीय कारखान्यात मुरलेल्या माणसांनी लिहिलेली होती.

आता लॅबमध्ये काय चालतं ते जवळून पाहू. प्रात्यक्षिकांसाठी दिलेली उदाहरणं ओळखीची आहेत. कॅल्क्युलेटर, नोटपॅड, एटीएम, होस्टेल प्रवेशाचा अर्ज, रेल्वे आरक्षणाचा अर्ज. यातला रेल्वेचा अर्ज घेऊ. अजनीहून रोज गाड्या पकडणाऱ्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही.

चाचणीचा तक्ता आखायचा. टेस्ट केसचा क्रमांक, कोणती माहिती भरली, काय व्हायला हवं, काय झालं, पास की फेल. प्रवासाच्या तारखेपासून सुरुवात. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आहे. तेव्हा ६०व्या दिवसाची तारीख घेतली जायला हवी, ६१व्या दिवसाची नाकारली जायला हवी, कालची तारीख तर नाकारायलाच हवी. मधल्या ३०व्या दिवसावर वेळ घालवून उपयोग नाही, कारण दोष राहतात ते कडांवर, म्हणजेच बाउंडरी व्हॅल्यूंवर. मग प्रवासी. एका तिकिटावर सहा, तत्काळला चार. सहा चालले पाहिजेत, सात नाहीत. शून्य प्रवाशांचं तिकीट निघालं तर तो दोष. मग वय. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि बारापासून पूर्ण भाडं, म्हणजे ४, ५, ११ आणि १२ ही चार वयं तपासायचीच. मग स्टेशन. ‘नागपूर ते नागपूर’ असं भरलं तर अर्ज काय म्हणतो? इतवारी स्टेशनचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे. एवढं लांब नाव रकान्यात मावतं का, की तिकिटावर मध्येच कापलं जातं?

इथेच एक फार चांगली गोष्ट आपोआप घडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी मुदत १२० दिवसांची होती. वरच्या वर्गाची फाइल जशीच्या तशी उतरवणाऱ्याच्या वहीत १२० आणि १२१ तसेच राहतात. जागरूक मास्तर त्यावर बोट ठेवतो आणि विद्यार्थ्याला दोन धडे एकदम मिळतात. नियम बदलला की जुन्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात, आणि नियम कुठे लिहिला आहे ते आधी शोधावं लागतं. रिग्रेशन टेस्टिंगची व्याख्या चार वेळा घोकून हे हाती येणार नाही.

तक्त्यानंतर डिफेक्ट रिपोर्ट, आणि खरा कस लागतो तो इथे. मुलं लिहितात, ‘लॉगिन होत नाही.’ यावरून कुणालाही काहीच करता येत नाही. कोणत्या ब्राउझरवर, कोणतं नाव टाकून, कितव्या प्रयत्नाला, पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, पुन्हा केलं तर पुन्हा तसंच होतं का, हे सगळं दुसऱ्या माणसाला तुमच्याशी न बोलता कळायला हवं. मग त्या दोषाची तीव्रता आणि त्याची निकड वेगळी तोलायची. समजा, प्रमाणपत्राच्या माथ्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या नावात एक अक्षर चुकलं आहे. प्रणाली त्याने बंद पडत नाही, म्हणून तीव्रता कमी, पण ते प्रमाणपत्र एकाही विद्यार्थ्याच्या हातात पडता कामा नये, म्हणून निकड सगळ्यात जास्त. हा विवेक पगार घेणाऱ्या कित्येकांना जमत नाही. विसाव्या वर्षी तो जमायला लागला तर त्या मुलाचं किंवा मुलीचं भलं होतं.

आय स्कीमची पहिली तुकडी २०१९ च्या हिवाळी परीक्षेला टेस्टिंगचा पेपर देऊन सहाव्या सत्रात गेली, प्रोजेक्टला लागली, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लॅब बंद, गट विखुरलेले, एकाचं घर सावनेरला तर दुसऱ्याचं गोंदियाला. नव्या मांडणीचा पहिलाच प्रयोग अर्ध्यावर राहिला. ही खंत मोठी आहे, कारण एकाच गटात एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने फोडायचं ही सवय समोरासमोर बसल्याशिवाय लागत नाही.

या शिक्षणाची गरज किती आहे हे मात्र त्याआधीच महाराष्ट्राने भोगून पाहिलं होतं. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. ४७७ परीक्षा, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. स्कॅन केलेल्या पानांची सरमिसळ झाली, पुरवण्या सापडेनात, प्राध्यापकांना पेपर उघडता येईनात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल कित्येक आठवडे लांबले, परदेशी आणि इतर विद्यापीठांतले प्रवेश मुलांच्या हातून गेले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठावर ही वेळ यावी! एवढा मोठा बदल एका शाखेच्या एका परीक्षेवर पूर्ण ताणून पाहिला असता, तर यातले बहुतेक दोष शंभर उत्तरपत्रिकांतच डोकं वर काढून बसले असते. टेस्टिंगच्या वर्गात दरवर्षी पहिल्या तासाला हे उदाहरण सांगायला हवं, कारण त्यात नुकसान झालं ते विद्यार्थ्यांचंच.

नागपुरात आता या कौशल्याला गिऱ्हाईकही आहे. आयटी पार्कात पर्सिस्टंटची गार्गी आणि मैत्रेयी या विदुषींच्या नावांची वास्तू आहे, मिहानमध्ये टीसीएस आणि एचसीएल आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ट्रिपल आयटीमध्ये केंद्र आणि राज्य सरकारांबरोबर टीसीएस आणि नागपूरचीच सीइन्सिस भागीदार आहेत. तरीही घराघरांत एक समज पक्का आहे. हुशार मुलगा डेव्हलपर होतो, बाकीचे टेस्टिंगला जातात. हा समज चुकीचा आहे आणि घातकही. तो पक्का व्हायला ते अहवालातलं दोन पानी सातवं प्रकरणही कारणीभूत आहे. ज्या गोष्टीला कॉलेजने कधी मोल दिलं नाही, तिला घरच्यांनी का द्यावं?

२०२२ च्या अखेरीपासून तर चित्रच बदललं. चॅटजीपीटी आणि त्याच्यासारखी साधनं लायब्ररीचा अख्खा प्रोग्राम काही मिनिटांत लिहून देतात. विकतचे प्रोजेक्ट मिळवायला आधी निदान पैसे तरी लागत, आता तेही लागत नाहीत. अशा वेळी ‘प्रोजेक्ट चालतो का’ या प्रश्नाला परीक्षेत काही अर्थ उरलेला नाही. तो कुठे मोडतो हे विद्यार्थ्याने शोधलं आहे का, हाच प्रश्न उरतो.

आणि अजून कितीतरी ठिकाणी तो विचारला जात नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवं. लॅब मॅन्युअल भरून सही घेतली की प्रात्यक्षिक संपतं. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘पास’ लिहिलेलं असतं. एकही ‘फेल’ नसलेला तक्ता म्हणजे तपासणी झालीच नाही, हे शिक्षकालाही ठाऊक असतं आणि विद्यार्थ्यालाही.

उपाय खर्चिक नाही. दर वर्षी प्रत्येक विभागात २०-३० प्रोजेक्ट जमा होतात आणि कपाटात पडून राहतात. जूनमध्ये नवीन तिसऱ्या वर्षाच्या गटांना त्यातला एकेक वाटून द्यावा. पहिले दोन महिने त्यांनी तो फक्त फोडावा, दोष लिहावेत, शक्य तेवढे दुरुस्त करावेत आणि मगच स्वतःचा विषय निवडावा. गुण सापडलेल्या दोषांना आणि त्यांच्या लेखी नोंदींना द्यावेत. आणि एक्स्टर्नल म्हणून येणाऱ्या प्राध्यापकांना एक कळकळीची विनंती. यंदाच्या उन्हाळ्यात व्हायव्हाला बसाल तेव्हा डेमो नंतर पाहा, आधी डिफेक्ट रिपोर्ट मागा. तो कोरा असेल तर गटाला बाहेर एका बाकावर बसवा, शेजारच्या गटाचा प्रोजेक्ट त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि अर्धा तास द्या.